“सगळी कागदपत्रं आहेत” म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : आमची ख्रिस्ती मंडळी सोलापुरात, साठेक घरांची. माझी नणंद कॅनडात असते. तिच्या चर्चनं एका निर्वासित कुटुंबाला स्पॉन्सर करून नेलं आणि वर्षभर सांभाळलं. तिनं इथं येऊन ते सांगितल्यापासून आमच्याही लोकांच्या मनात आहे की आपण असं काही करावं. दिल्लीतल्या एका पाळकांनी म्यानमारमधल्या चिन समाजाचं एक कुटुंब सुचवलंय : आई-वडील, आजी, पंधरा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी. पाळक म्हणतात, “त्यांच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत.” मंडळीतल्या एका वडिलांचं (म्हणजे एल्डरांचं) रेल्वे लाईन्सकडं घर रिकामं आहे. त्यांचाच टॉवेलचा कारखाना आहे, तिथं कामही देतो म्हणतात. नणंदेचं चर्च पैसे पाठवायला तयार आहे. तरुण संघाला तर एप्रिलमध्येच कुटुंब आणायचंय. सुरुवात कुठून करावी?
— सचिव, पंच कमिटी, सोलापूर

ताई, सप्रेम सलाम.

घर तयार, काम तयार, पैसे तयार, महिनाही ठरलेला. या चारही गोष्टींत एकेक खोच आहे, ती पुढं सांगतोच. पण आधी पाळकांचं ते वाक्य. “सगळी कागदपत्रं” हे शब्द दिल्लीत ज्या अर्थानं बोलले जातात त्या अर्थानं सोलापूरच्या पोलीस आयुक्तालयात ऐकले जात नाहीत. तिथं एक विशिष्ट कागद मागतात. तो असेल तर तुमची योजना पुढं जाईल, नसेल तर तिचा आकारच बदलावा लागेल.

नणंदबाईंच्या चर्चनं केलं ते इथं जसंच्या तसं होणार नाही. कॅनडात “स्पॉन्सर” हा कायद्यातला शब्द आहे. १९७९ पासून तिथली चर्च, संस्था आणि पाच-पाच नागरिकांचे गट सरकारशी लेखी करार करून निर्वासितांना नेत आलेत. सरकार माणसं तपासतं, व्हिसा देतं, आणि कुटुंब विमानातून उतरतं तेच कायम रहिवासी म्हणून. पहिल्या दिवसापासून त्यांना काम करता येतं, दवाखान्यात जाता येतं. चर्चनं साधारण बारा महिने खर्च आणि सोबत द्यायची. (तिथंही सगळं खुलं नाही. पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज २९ नोव्हेंबर २०२४ पासून थांबवले गेले.) सगळ्यात अवघड काम, म्हणजे राहण्याचा हक्क देणं, तिथं सरकार करून ठेवतं. राहिलेलं माणुसकीचं काम मंडळी करते.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. कायद्याच्या नजरेत हे कुटुंब परकीय नागरिकांचं आहे, आणि त्यांना लागू होतो तो १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेला इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५. त्यामुळे मंडळीच्या लेटरहेडवर “आम्ही या कुटुंबाला स्पॉन्सर करत आहोत” असं एक अक्षरही लिहू नका. त्या शब्दाला इथं कसलाच आधार नाही, उलट पुढं काही झालं की तोच कागद तुमच्यापुढं ठेवला जाईल. “राहणे, शिक्षण व उपचारासाठी मदत” एवढंच लिहा.

आता तो कागद. पाळकांना विचारा की घरातल्या प्रत्येकाकडे यांपैकी काय आहे. पहिली शक्यता, यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, कार्ड. त्यातही दोन प्रकार असतात. एकावर निर्वासित म्हणून मान्यता असते. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की अर्ज आला आहे, निर्णय व्हायचा आहे. दोन्हींवर मुदतीची तारीख असते, ती बघा. हे कार्ड मोलाचं आहे, पण ते भारत सरकारनं दिलेलं नाही आणि त्यानं नोकरीची परवानगी मिळत नाही. दुसरी शक्यता, दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात. गृह मंत्रालयानं डिसेंबर २०११ मध्ये एक कार्यपद्धती ठरवली. तिच्यानुसार छळाच्या भीतीनं आलेल्या परकीय व्यक्तीची चौकशी होते, प्रकरण खरं वाटलं तर एलटीव्हीची शिफारस होते. हा व्हिसा वर्षावर्षानं वाढवून मिळतो, आणि तो असेल तर खाजगी क्षेत्रात काम करता येतं, शिकता येतं. तिसरी शक्यता, एकाच घरात दोघांकडे एलटीव्ही आणि बाकीच्यांकडे फक्त कार्ड. हे वरचेवर दिसतं, विशेषतः मागाहून आलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत. “कुटुंबाकडे आहे” या उत्तरावर थांबू नका. पाच माणसं, पाच नावं, पाच तारखा.

फक्त कार्ड असेल तर आमचं स्पष्ट मत : त्यांना सोलापुरात आणू नका.

तरुण संघाला हे आवडणार नाही. पण बघा, पश्चिम दिल्लीत, उत्तम नगर-विकासपुरीच्या बाजूला, चिन लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या भाषेतल्या उपासना तिथं होतात. कार्डाचं नूतनीकरण, मुलाखती, दुभाषी, वकील, सगळं तिथंच. तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी त्यांची फाईल चालू असेल, तर एक फोन किंवा एक मुलाखत चुकली की फाईल मागं पडते. सोलापुरात मात्र ते कार्ड पहिल्यांदाच पाहणारा हवालदार भेटेल. शिवाय वैध व्हिसा नसलेल्या माणसाला घर देणारा आणि कामाला ठेवणारा, दोघंही अडचणीत येतात. अशा वेळी मंडळीचे पैसे दिल्लीत जास्त उपयोगी पडतात : एलटीव्हीच्या अर्जासाठी जाणकार वकिलाची फी, मुलाची ओपन स्कूलची फी, आजीची औषधं, घरभाड्याचा काही भाग. भाडं थेट घरमालकाच्या खात्यात भरा, फी थेट शाळेत. महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉल करा. हीही मदतच, आणि हिच्यामुळं कुणाची झोप उडत नाही.

इथून पुढचं सगळं पाचही जणांकडे चालू मुदतीचा एलटीव्ही आहे असं धरून.

राज्य बदलायचं तर व्हिसाची नोंदही बदलावी लागते. परकीय नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी ई-एफआरआरओ पोर्टल आहे, त्यावर दिल्लीतून अर्ज करायचा, सोलापूरचा पत्ता आणि त्याचा पुरावा जोडायचा. शहराच्या हद्दीत राहणार असाल तर इथली नोंद पोलीस आयुक्तालयात, हद्दीबाहेर गेलात तर ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालयात. हद्द कुठं बदलते हे घर ठरवण्याआधी बघा, नाहीतर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हेलपाटे होतील. परवानगी हातात आल्यावर तिकीट काढा, तिकीट काढून परवानगीच्या मागं लागू नका. आणि कुटुंब यायच्या आधी पाळकसाहेबांनी आणि तुम्ही आयुक्तालयातल्या परकीय नागरिकांचं काम बघणाऱ्या शाखेत जाऊन भेटून या. सोबत एका पानाचं निवेदन असू द्या : कोण येणार, कुठं राहणार, खर्च कोण करणार, संपर्क कुणाचा. पोच घ्या. ही भेट कायद्यानं सक्तीची नाही, पण नंतरच्या दहा भेटी वाचवते.

कुटुंब घरात पाऊल टाकेल त्या वेळेपासून २४ तासांत घरमालकानं ऑनलाइन माहिती भरायची असते. लॉजवाले तिला “सी फॉर्म” म्हणतात आणि रोज भरतात. घरमालकांना मात्र वाटतं की तो हॉटेलांचा नियम आहे. तसं नाही, परकीय व्यक्तीला जागा देणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे. त्यासाठी पोर्टलवर आधी घरमालकाचं खातं लागतं, ते आठवडाभर आधीच काढून ठेवा. मुक्कामाच्या रात्री ओटीपी येईना म्हणून धावपळ व्हायला नको.

घराबद्दल. भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, कुटुंबाच्या नावावर करा, मंडळीच्या नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. घरबसल्या नोंदणी आधारवर चालते. त्यांच्याकडे आधार नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्यांनी जातीनं जावं लागेल. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, मुद्रांक शुल्क साधारण पाव टक्का. “आपलीच माणसं, करार कशाला?” असं ते वडील म्हणतील. त्यांना सांगा, की शाळा, बँक आणि पोलीस, तिघंही पहिल्यांदा हाच कागद मागणार आहेत.

त्या वडिलांचा मोठेपणा मान्य, पण घर त्यांचं आणि काम पण त्यांच्याच कारखान्यात, हे करू नका. घरमालक, मालक आणि मंडळीतले वडील एकच झाले, तर त्या माणसाला पगार कमी वाटला तरी बोलता येणार नाही, छत गळलं तरी सांगता येणार नाही, आणि रविवारी उपासनेला यायचा कंटाळा आला तर तेही नाही. ज्याला मदत करतो त्याला आपल्याला “नाही” म्हणता आलं पाहिजे. दोन्हींतलं एकच घ्या. आमच्या मते घर घ्यावं, काम दुसरीकडे बघावं.

घर घेताना पत्र्याचं छत नको. सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पण चिन डोंगरातून आलेली आजी पत्र्याखाली दुपार काढू शकणार नाही. दुसरं, पाणी. तुमच्या भागात नळाला किती दिवसांआड पाणी येतं तो आकडा घ्या, त्यात एक दिवस वाढवा. माणशी रोज ४५ लिटर धरा. पाच दिवसांआड पाणी असेल तर ५ माणसं गुणिले ६ दिवस गुणिले ४५, म्हणजे १,३५० लिटर साठवण लागते. हजार लिटरची टाकी आणि दोनशे लिटरचे दोन पिंप. पाणी कधी येतं, किती वेळ राहतं, मोटार कुणी चालू करायची, पिण्याचं आधी कशात भरायचं, हे शेजारच्या एका बाईंनी पहिल्या पाळीला सोबत उभं राहून दाखवावं. दिल्लीतल्या माणसाला पाण्याची टंचाई नवी नाही, पण आपलं वेळापत्रक नवं आहे. पहिलं पाणी चुकलं की पहिलाच आठवडा टँकरमध्ये जातो.

गॅसचं घरगुती कनेक्शन लगेच मिळेलच असं नाही. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, आणि सोबत एक इंडक्शन शेगडी ठेवा. स्वयंपाकघर भरून ठेवण्याची हौस मात्र आवरा. महिला मंडळ कडक भाकरीची चळत, शेंगा चटणी आणि गोडा मसाला घेऊन हजर होईल, आणि ते सगळं तिथंच फडताळात पडून राहील. ही माणसं भात खाणारी, उकडलेल्या पालेभाज्या आणि कमी तेल. तांदूळ, मीठ, डाळ, तेल, अंडी, आलं-लसूण, हिरव्या मिरच्या, एवढं दोन दिवसांपुरतं ठेवा. तिसऱ्या दिवशी कुटुंबातल्या आईंना लक्ष्मी मार्केटला न्या, पैसे त्यांच्याच हातात असू द्या, आणि त्या काय घेतात ते बघत मागं चाला. शेंगा चटणी महिन्याभरानं द्या, आवडेल.

पैशांचा हिशेब असा धरा. महिन्याला भाडं ७,०००, किराणा-भाजी-मांस-अंडी ११,०००, वीज-गॅस-टँकर २,०००, मुलांचं शिक्षण ३,०००, औषधं २,०००, मोबाईल आणि रिक्षा २,०००. एकूण २७,०००. बारा महिन्यांचे ३,२४,०००. सुरुवातीचा एकदाच होणारा खर्च : तीन महिन्यांची अनामत २१,०००, गाद्या-पलंग १८,०००, स्वयंपाकाचं सामान १४,०००, टाकी-पिंप-पंखे-कूलर १५,०००, गणवेश-वह्या ९,०००, प्रवास आणि कराराची नोंदणी ८,०००. झाले ८५,०००. वर अडीअडचणीला ४०,०००. सगळं मिळून ४,४९,०००, म्हणजे साडेचार लाख. तुमची घरं साठ, तर घरामागं महिना ६२५ रुपये. भाडं तुमच्या भागाप्रमाणे कमी-जास्त करा, पण अडीअडचणीच्या पैशाला हात लावू नका. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होईल असं मंडळीत कुणीतरी म्हणेलच. त्या योजनेला रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो, आणि तो या कुटुंबाकडे नाही. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर हेच ४०,००० आधी लागतील.

निम्मी रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय होकार कळवू नका. उत्साहाच्या भरात दिलेली वचनं चौथ्या महिन्यात पातळ होतात, दरवर्षी दानार्पणाचं होतं तेच. हिशेब पूर्ण वर्षाचा धरलाय, तरी प्रत्यक्ष देताना पहिले चार महिने पूर्ण २७,०००, पुढचे चार १८,०००, शेवटचे चार ९,००० असा उतरता आराखडा ठेवा आणि तो कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात, त्यांच्या भाषेत, कागदावर द्या. मदत कधी कमी होणार हे आधी माहीत असलेला माणूस तयारीला लागतो. अचानक कमी झाली तर आपण काही चुकलो का म्हणून झुरत बसतो. पैसे एक तारखेला खात्यात, खातं निघेपर्यंत पाकिटात, नवरा-बायको दोघांसमोर. किराण्याच्या पावत्या मागू नका. मुलासाठी भारी बूट घेतले म्हणून पंच कमिटीत चर्चा रंगते, ती पहिल्यांदा निघेल तेव्हाच तुम्ही थांबवा.

आता नणंदबाईंच्या चर्चचे पैसे. तुमच्या मंडळीच्या ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का? नसेल तर कॅनडातल्या चर्चकडून एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या खात्यात मागवून तिथून आपल्याकडे वळवायचे, ही पळवाट २०२० च्या दुरुस्तीनं बंद झाली. नोंदणी असेल तरी पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आले पाहिजेत. नणंदबाईंनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याही परकीय स्रोतच ठरतात. भावाला घरखर्चाला त्या पैसे पाठवू शकतात, ते नात्यातलं. पण चर्चची वर्गणी भावाच्या खात्यावर मागवून ट्रस्टला देणं म्हणजे मागच्या दारानं तेच. साडेचार लाख सोलापुरातच उभे करा. नणंदबाईंकडून दुसरं काहीतरी मागा, ते पुढं येतंय.

शिवाय ट्रस्ट डीड काढून वाचा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या उद्देशांत गरजूंना मदत, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य असं काही आहे का? बहुतेक डीडमध्ये असतं. नसेल तर खर्चाआधी ऑडिटरशी बोला. वेगळं लेजर, दोन सह्या, आणि सही करणाऱ्यांत घरमालक नको.

एप्रिल सोडा, जूनचा पहिला आठवडा धरा. दिल्लीत मुलांचं शाळेचं वर्ष मार्चला संपेल, आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मधले दोन महिने व्हिसाच्या नोंदीची बदली आणि शाळांशी बोलणं यासाठी वापरा. दिल्लीहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट सोलापूरला येते. पाच बर्थ एका डब्यात मिळतील अशा बेतानं काढा, आणि मूळ कागदांचा प्लॅस्टिकचा फोल्डर आईच्या हातात, सामानात नव्हे.

अकरा वर्षांच्या मुलीचा प्रवेश तुलनेनं सोपा आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू होतो. वयाचा दाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. तरी मुख्याध्यापक कां-कूं करतील. त्यामागं बहुधा आकस नसतो, संचमान्यता असते : शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या पटावर मोजली जातात, आधार नसलेलं मूल त्यांच्या हिशेबात मोजलंच जात नाही. शिवाय परकीय विद्यार्थी घेतला की शाळेलाही ऑनलाइन माहिती द्यावी लागते, आणि ते काम शाळेत कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे कायद्याचं कलम घेऊन भांडायला जाऊ नका. मंडळीतल्या निवृत्त शिक्षिका असतीलच, त्यांनी त्या पोर्टलची छापील माहिती घेऊन जावं आणि क्लार्कच्या शेजारी बसून फॉर्म भरून द्यावा.

मुलगा पंधराचा, म्हणजे शिक्षण हक्काच्या बाहेर. राज्य मंडळाच्या शाळेत नववी-दहावीला घातला तर मराठी अनिवार्य, आणि एका वर्षात ते झेपणं कठीण. दिल्लीत वाढलेल्या मुलाचं हिंदी चांगलं असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, इथं १४ वर्षांनंतर दहावीला बसता येतं, पाच विषयांत हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एक भाषा पुरते. मराठी त्यानं शिकावं, पण परीक्षेच्या भीतीनं नव्हे. संध्याकाळी पोरांबरोबर क्रिकेट खेळला तर तीन महिन्यांत “काय बे” म्हणायला लागेल.

नावांकडं नीट लक्ष द्या, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. म्यानमारमधल्या लोकांना बहुधा आडनाव नसतं. बापाचं नाव तीन शब्दांचं, मुलाचं वेगळ्याच तीन शब्दांचं, आईचं तिसरंच. आपला प्रत्येक फॉर्म आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम मागतो. क्लार्क मग शेवटचा शब्द उचलून आडनावाच्या रकान्यात टाकतो, दुसरा क्लार्क पहिला शब्द टाकतो, आणि सहा महिन्यांत एकाच मुलाची तीन नावं तयार होतात. नावापुढं आदरार्थी शब्द लावायचीही पद्धत असते, तोही नावाचा भाग समजून चिकटवला जातो. म्हणून व्हिसावर जे आहे तेच, त्याच क्रमानं, अक्षराला अक्षर. देवनागरीत कसं लिहायचं ते आई-वडिलांकडून म्हणवून घेऊन एकदाच ठरवा, एका कार्डावर लिहा, पाच झेरॉक्स काढा, प्रत्येक खिडकीवर ते कार्ड पुढं करा. घरात दोघा-तिघांची जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर दचकू नका. तारीख माहीत नसली की नोंदताना बरेचदा तीच घातली जाते.

आधार एलटीव्हीवाल्यांना निवासी परकीय या वर्गात मिळू शकतं, मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि ते व्हिसाच्या मुदतीपुरतंच असतं. मंडळीत एक तरी उत्साही माणूस निघेल, “माझ्या ओळखीचा एजंट आहे, रेशनकार्ड, मतदानकार्ड सगळं करून देतो” म्हणणारा. त्याला त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, नाही म्हणा. चुकीच्या माहितीवर काढलेलं एक कार्ड त्या कुटुंबाचा व्हिसा घालवू शकतं, आणि तुरुंगात तो एजंट जाणार नाही, हे जातील.

कामाचं. चिन बायका कमरेला पट्टा बांधून मागावर सुरेख विणतात हे ऐकून तुमच्याकडे लगेच कुणी म्हणेल, सोलापूर म्हणजे चादर-टॉवेलचं गाव, विणकर तर हवेतच. पण कमरेचा माग आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग यांत बैलगाडी आणि ट्रकइतकं अंतर आहे. त्यातला आवाज, लांबलचक पाळी, नगावर मजुरी हे सगळं वेगळं. आधी माणसाला विचारा तो दिल्लीत काय करत होता. हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता, शिवणकाम करत होता, तर गणवेश शिवणाऱ्या युनिटपासून सुरुवात बरी. एलटीव्हीची प्रत मालकाकडे द्या, पगार खात्यात घ्या, ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर पहिल्या महिन्यापासून. रोखीचं काम दिसायला सोपं, पण वर्षानं व्हिसा वाढवताना उत्पन्नाचा पुरावा दाखवायची वेळ आली तर हात रिकामे राहतात.

पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांना सिव्हिलमध्ये नेऊन साधी तपासणी करून घ्या : छातीचा एक्सरे, हिमोग्लोबिन, आजीचं बीपी-साखर, मुलांचं लसीकरण. आणि दुभाष्याचं काम मुलीकडून कधीच करून घेऊ नका. आईचं दुखणं डॉक्टरांना अकरा वर्षांच्या पोरीनं सांगायचं, हे दोघींनाही जड जातं आणि निम्मं सांगितलंच जात नाही. चिन ही एक भाषा नाही. हाखा, फालाम, तेडिम अशा वेगवेगळ्या बोली आहेत, यांची कोणती ते आधी विचारा. नणंदबाईंचं काम इथं : त्यांच्या चर्चला ती बोली बोलणारी दोन प्रौढ माणसं शोधायला सांगा, एक बाई, एक पुरुष, जी व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर अर्धा तास देऊ शकतील. ही मदत परदेशातून घ्यायला कुठलीच नोंदणी लागत नाही.

कामाची वाटणी पाच जणांत करा : कागद, घर, पैसे, शाळा-दवाखाना, भाषा. एकाच घरावर सगळं पडलं की ते घर सहाव्या महिन्यात थकतं आणि कुटुंबही त्या एका घराचं मिंधं होतं. चार महिन्यांनी माणसं बदला, कागदवाला मात्र तोच ठेवा, त्याच्या डोक्यात तारखा असतात.

उपासनेबद्दल एक ठराव पंच कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा, की मदत उपासनेला येण्यावर किंवा सभासद होण्यावर अवलंबून नाही. उद्या बाहेरून कुणी बोट दाखवलं तर तो ठराव कामाला येतो, आणि आत, आपल्याच लोकांनाही, तो अधूनमधून वाचून दाखवावा लागतो. त्यांना मराठी उपासना कळणार नाही, पहिले काही रविवार ते येतील, मग कदाचित घरी मोबाईलवर दिल्लीची उपासना लावतील. लावू द्या. आणि कृपा करून स्वागताचा फ्लेक्स नको. सोलापुरात बारशापासून बढतीपर्यंत सगळ्याचा फ्लेक्स लागतो हे माहीत आहे, पण या लोकांचे नातेवाईक अजून म्यानमारमध्ये आहेत, आणि फोटो कुठून कुठं जाईल याचा भरवसा नाही.

शेजाऱ्यांची काळजी फार करू नका. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांनी इथला पूर्वभाग वसवला. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येणाऱ्या गावाला पाचवी भाषा जड जाणार नाही. फक्त शेजारच्या चार घरांना यायच्या आधी सांगून ठेवा, कोण येतंय ते. “नेपाळी आलेत” ही अफवा मग उठत नाही.

आज रात्री दिल्लीच्या पाळकांना एवढंच पाठवा : “पाचही जणांची नावं व्हिसावर आहेत तशी कळवा. प्रत्येकाकडे एलटीव्ही आहे की फक्त कार्ड, आणि मुदत कधी संपते? पुनर्वसनाची फाईल चालू आहे का? बोली कोणती? आणि सोलापूरला यायचं हे कुटुंबानं स्वतः ठरवलंय का, आजीसकट?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पाळकांकडून घेऊ नका, दुभाष्याला घेऊन मुलांच्या आईशी थेट बोला. आणि कागदांचे फोटो आले की ते मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका, कागद बघणाऱ्या एकाच माणसाकडे राहू द्या.